शिल्लक

जमाखर्चाची बेरीज आटोपून शेवटी शिलकेचा आकडा लिहिताना जे समाधान होते, तसे समाधान आम्हांस आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी दिले आहे. आमच्या गावच्या देवस्थानचे खजिनदारपद आम्ही ओळीने तीन मुदती, म्हणजे नऊ वर्षे सांभाळले. वही हाती आली तेव्हा जत्रेचा खर्च भागून पुढच्या दिवाबत्तीपुरते काही उरेल की नाही याचीच चिंता होती. वही खाली ठेवली तेव्हा बँकेतील मुदतठेव तिप्पट झाली होती. महाजनांनी सभेत आम्हांस शाल व श्रीफळ दिले. श्रीफळाचे त्याच आठवड्यात सोलकढीत रूपांतर झाले. शाल मात्र अद्यापि कपाटात आहे.

ही शिल्लक आम्ही जमविली ती मुख्यतः नकार देऊन. दीपस्तंभाचा रंग पुढच्या वर्षावर ढकलला. अग्रशाळेत नव्या खाटा हव्यात असे मुंबईचे महाजन म्हणाले, त्यांस जुन्या खाटांच्या मजबुतीचे वर्णन ऐकविले. सनईवाल्यांचा एक अर्ज आला होता, तो फाइलीत लावला. उघड नकार देणे आमच्या स्वभावात नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. आमच्या कोंकणी बोलीत त्यासाठी एक फार गोड वाक्य आहे: ‘मागीर पळोवया.’ नऊ वर्षांत आम्ही ते किती वेळा उच्चारले याची मात्र कोठे नोंद नाही.

असा मनुष्य फुटबॉलच्या नादी कसा लागला, हे सांगावयास हवे.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली शिवोलीस, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंबरोबर, असे सांगतात. त्यामुळे हा चर्चपुढील मैदानावरचा खेळ, असा एक समज आमच्या वडीलधाऱ्यांत होता. पण चेंडू काही कुंपणे मानीत नाही. १९८३-८४ चा संतोष करंडक गोव्याने जिंकला, तेव्हा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव आमच्या देवळाच्या पायऱ्यांवरही आरतीनंतर घेतले जात होते. आम्ही स्वतः मात्र चेंडूला कधी पाय लावला नाही. दोन वर्षांपूर्वी आषाढात भाचा आमच्या घरी राहावयास आला आणि पावसाने सर्वांनाच घरात कोंडले, तेव्हा त्याने आम्हांस एका संघाचे मालक करून टाकले.

हा खेळ संगणकावर वा मोबाईलवर खेळतात. त्याचे नाव हॅटट्रिक. १९९७ साली तो स्वीडनमध्ये सुरू झाला आणि देशोदेशीचे लोक तो खेळतात. यात चेंडू दिसत नाही, खेळाडूही धावताना दिसत नाहीत. सामना वाक्यांतून घडतो: अमक्या मिनिटाला अमक्याने उजवीकडून चढाई केली, तमक्याने ती अडविली. मालकाचे काम हिशोबाचे. कोणास विकत घ्यावे, कोणास विकावे, कोणास काय शिकवावे, मैदानात बसण्याच्या जागा किती वाढवाव्यात, आणि आठवड्याच्या शेवटी पगार चुकते करून काय उरते ते पाहावे. खेळाडूंच्या कौशल्याला आकडे न लावता शब्द लावलेले आहेत. ‘मुळीच नाही’ येथून ती पायऱ्यांची माळ सुरू होते आणि थेट ‘दैवी’ येथपर्यंत जाते. दैवी कौशल्याचा खेळाडू आमच्या संघात नव्हता, हे सांगणे नकोच. पण ‘पुढच्या आठवड्याचे जमाखर्चपत्रक’ असे शब्द भाच्याने दाखविले मात्र, आम्ही चष्मा पुसून पुढे सरसावलो.

या खेळातील एक हंगाम सोळा आठवड्यांचा. एका गटात आठ संघ, आणि प्रत्येकाशी दोनदा गाठ. पहिल्याच हंगामात आम्ही वरच्या वर्गात चढलो. त्यात आमचा पराक्रम फारसा नव्हता. गटातील निम्म्या संघांना मालकच नव्हते. पण त्या यशाने आमची खात्री पटली की, देवस्थान काय आणि फुटबॉल काय, शास्त्र एकच. आम्ही खर्च थांबविला. प्रशिक्षक होता तोच ठेवला. मैदानात एक खुर्ची वाढविली नाही. दोन बरे खेळाडू लिलावात विकले. हा लिलाव फार मौजेचा असतो. खेळाडू तीन दिवस बाजारात राहतो, आणि अगदी शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली वाढविली तर मुदतही तेवढी पुढे सरकते. विक्रीतील एक लहानसा वाटा खेळाडू ज्या संघात घडला त्या मूळ संघास जातो. माहेरच्या मानासारखी ही रीत आम्हांस फार आवडली. दर आठवड्यास शिल्लक वाढू लागली आणि जुने सुख परत आले.

भाचा शेजारी बसून पाहत असे. एके दिवशी तो म्हणाला, “मामा, दुडू खेळनात, खेळगडे खेळतात.”

आम्ही म्हटले, “मागीर पळोवया.”

भाच्याचा स्वतःचा संघ नेमका उलट्या वाटेने चालला होता. त्याने हाती होते नव्हते ते सारे घालून तिशी ओलांडलेले तीन नामांकित गडी घेतले. संघ झपाट्याने वर गेला. त्याच्या मोबाईलमधून विजयाच्या वार्ता येत, आणि आम्ही आपले शिलकेकडे पाहत असू. पण नामांकितांचे पगारही नामांकित असतात. वय वाढले, कौशल्य उतरू लागले, पगार मात्र द्यावेच लागत. विकावयास काढले तर म्हाताऱ्या बैलाला कोण गिऱ्हाईक? कर्ज एका मर्यादेपलीकडे गेले की या खेळात संघ मालकाच्या हातून काढून घेतला जातो. तसे झाले. तीन दिवस भाच्याचे जेवणात लक्ष नव्हते.

खरे सांगावयाचे तर आम्हांस तेव्हा आनंदच झाला. वडीलधाऱ्यांस शोभेल अशा स्वरात आम्ही त्याला लीड्स युनायटेडची कथा ऐकविली. इंग्लंडमधील या संघाने नोव्हेंबर २००० मध्ये रिओ फर्डिनंडला १ कोटी ८० लाख पौंड मोजले, २००१ मध्ये युरोपच्या चँपियन्स लीगची उपान्त्य फेरी गाठली, आणि पुढच्या हंगामांच्या तिकीटविक्रीवर विसंबून ६ कोटी पौंडांचे कर्ज काढले. वर्षाकाठी चँपियन्स लीगमध्ये स्थान मिळेल असे गृहीत धरलेले होते. ते स्थान मिळाले नाही. खेळाडू एकामागून एक विकावे लागले. २००४ साली संघ पहिल्या वर्गातून खाली आला, २००७ साली तिसऱ्या वर्गात गेला, आणि पुन्हा वर येण्यास २०२० साल उजाडले. भाच्याने सारे निमूटपणे ऐकले. मग त्याने आमच्या संघाचे पान उघडले आणि गटातील स्थानावर बोट ठेवले. आम्ही आठवे होतो. आठांत आठवे.

त्या हंगामाच्या शेवटी आम्ही खालच्या वर्गात उतरलो. तिजोरी भरलेली, आणि संघ रसातळाला! हे कसे घडले ते शोधावयास आम्ही हिशोब पुन्हा तपासला. हिशोबात एका पैशाची चूक नव्हती. चूक दुसऱ्याच स्तंभात होती, आणि तो स्तंभ वयाचा होता. या खेळात माणसाचे वर्ष ११२ दिवसांचे असते. आपण एक दिवाळी करून दुसऱ्या दिवाळीची पणती पुसतो, तोवर तेथे तीन वर्षे उलटून गेलेली असतात. संघ मिळाला तेव्हा त्यात सतरा वर्षांचा एक मधल्या फळीतील मुलगा होता. भाचा तेव्हाच म्हणाला होता की, या मुलाला घडवा. घडवावयाचे म्हणजे चांगला प्रशिक्षक हवा, त्याला मदतनीस हवेत, आणि ज्या जागेचे शिक्षण द्यावयाचे त्या जागी मुलाला प्रत्यक्ष सामन्यात उतरवावयास हवे. म्हणजे खर्च आला, आणि कच्चा गडी खेळविल्याने काही सामने हरण्याचीही तयारी आली. आम्ही दोन्ही टाळले. आता तो मुलगा एकविशीत पोहोचला होता. सतराव्या वर्षी जे झरझर शिकला असता, ते आता सावकाश शिकणार होता. मधले आठवडे परत मिळविण्यासाठी कोणास बोली लावावी? आमच्यापाशी पैसा भरपूर होता, पण बाजारात ते आठवडे विकावयास कोणी मांडले नव्हते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. एका लुटुपुटीच्या खेळापायी वयस्कर मनुष्याने जागावे, याचे घरच्यांस हसू आले असते, म्हणून आम्ही कोणास सांगितले नाही. पण झोप उडाली होती ती त्या मुलापायी नव्हे. आम्हांस फाइलीत लावलेला तो अर्ज आठवला होता.

आमच्या देवळात एक सनईवाले होते. त्यांचे घराणेच देवाच्या सेवेत. पहाटेच्या चौघड्यापासून पालखीपर्यंत त्यांची सनई असे. पालखी तळीच्या काठाने वळली की ते एक विशिष्ट धून वाजवीत. ती त्यांनी वडिलांकडून उचललेली, आणि वडिलांनी आजोबांकडून. इतर देवळांत ती आम्ही ऐकलेली नाही. त्यांचे मुलगे नोकरीस बाहेरगावी गेले होते. आमच्या पहिल्या मुदतीच्या दुसऱ्या वर्षी ते अर्ज घेऊन आले. वाड्यावरील दोन मुले शिकण्यास राजी आहेत, त्यांस मिळून देवस्थानने दरमहा दोन हजार रुपये द्यावेत, म्हणजे त्यांचे आईबाप त्यांस दुसऱ्या कामास लावणार नाहीत, एवढीच मागणी. ते म्हणाले, “खजिनदारबाब, उस्वास आसा मेरेन भुरग्यांक शिकयतां.”

आम्ही काय उत्तर दिले ते वाचकांनी ओळखलेच असेल. इतिवृत्ताच्या वहीत आमच्याच अक्षरात ओळ आहे: ‘निधीची स्थिती पाहता सदर विषय तूर्त स्थगित.’ पुढील सहा वर्षांत तो विषय पुन्हा पटलावर आला नाही. मुले मोठी झाली. एक दुकानात लागला, दुसरा गाडी चालवू लागला. सहाव्या वर्षी सनईवाल्यांचा उस्वास सरला. नंतर एका भाविकाने विजेवर चालणारा नगारा दिला. कळ दाबली की नगारा वाजतो, घंटाही वाजते, आणि तो कधी आजारी पडत नाही. त्याची किंमत देवस्थानला काहीच पडली नाही, याचेही आम्ही त्या वर्षीच्या अहवालात कौतुक केले होते.

त्या रात्री आम्ही अंथरुणात पडूनच बेरीज केली. सहा वर्षांचे होतात १ लाख ४४ हजार रुपये. ते रुपये कोठे गेले नाहीत. ते बँकेत सुखरूप आहेत, व्याजासह आहेत, आणि कोणीही केव्हाही पाहू शकेल असे आहेत.

आता कोणी म्हणेल, तर मग बचत वाईट ठरली काय? तसे आम्ही म्हणणार नाही. आमच्या दुसऱ्या मुदतीत आषाढातल्या वादळात फणसाचे झाड अग्रशाळेवर पडले. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. आम्ही कोणाच्या दारी पावतीपुस्तक घेऊन गेलो नाही, आणि गणेशचतुर्थीच्या आत छप्पर पुन्हा चढले. त्या दिवशी शिल्लक खरोखर देवाच्या कामी आली. भाच्यासारखे सारेच उधळून बसलो असतो, तर यात्रेकरू ओल्या भिंतींशी टेकून बसले असते. शिल्लक हवीच. शिवाय खजिनदाराजवळचा पैसा स्वतःचा नव्हे. कोणा म्हातारीने पदराच्या गाठीतून सोडलेले दहा रुपयेही त्यात असतात. तो जपून वापरावा, हे सांगावयास कोणा शास्त्राची गरज नाही.

परंतु आमचे चुकले ते असे की, सारे खर्च आम्ही एकाच मापाने मोजले. दीपस्तंभाचा रंग एक वर्षाने दिला तरी तोच रंग मिळतो; फार तर चार रुपये अधिक पडतात. खाटाही मिळतात. पण सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी सतरा वर्षांचा नसतो, आणि सत्तरीतला गुरू पुढच्या वर्षी असेलच असे नाही. जे उद्याही मिळेल त्यासाठी थांबण्यात शहाणपण आहे. जे उद्या मिळणार नाही त्यासाठी थांबणे हाच मोठा खर्च, आणि तो वहीत कोठेच दिसत नाही. भाच्याचीही चूक हीच, फक्त उलट्या बाजूने. आज आहे आणि उद्या उतरणार, अशा गोष्टीत त्याने सारे घातले. वय त्यानेही पाहिले नाही आणि आम्हीही पाहिले नाही.

हे ध्यानात घेऊन चालणारा एक संघ खऱ्या जगातही आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा संघ आपल्या भूमीत जन्मलेले वा तेथे घडलेले खेळाडूच घेतो. १९२९ साली स्पेनची साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तो पहिल्या वर्गातून एकदाही खाली उतरलेला नाही. २०१८ साली त्याचा गोलरक्षक केपा ८ कोटी युरोंना इंग्लंडच्या चेल्सी संघाकडे गेला. तिजोरी भरली, पण जगाच्या बाजारातून हवा तो गोलरक्षक आणण्याची सोय नाही! त्याच्या जागी उनाई सिमोन उभा राहिला. तोही केपाप्रमाणे संघाच्या लेसामा येथील शाळेतून आलेला, आणि पुढे तो स्पेनचाही गोलरक्षक झाला. २०२४ मध्ये या संघाने राजाचा करंडक जिंकला. त्यापूर्वीचा १९८४ मधला. चाळीस वर्षे थांबावे लागले, पण त्या चाळीस वर्षांत मुलांना शिकविण्याचे काम ‘तूर्त स्थगित’ झाले नव्हते. मधल्या कोणत्याही वर्षी ते थांबले असते, तर तिजोरीतील युरोंनी गोलरक्षण केले नसते.

आमचे देऊळही त्या संघासारखेच नव्हे काय? तळीकाठची धून बाजारात नाही. ती याच मातीत उगवते, एका छातीतून दुसऱ्या छातीत जाते, आणि मधली छाती नसली तर संपते.

आणखी एक गोष्ट कबूल करावयाची राहिली आहे. ती लिहिताना लेखणी अडखळते. आम्ही शिल्लक राखली ती देवासाठी, असे आम्ही नऊ वर्षे म्हणत आलो. पण अर्ज फाइलीत लावताना आमच्या डोळ्यांपुढे देव नव्हता, वार्षिक सभा होती. खर्च केला असता तर चार महाजनांनी प्रश्न विचारले असते. शिल्लक वाढविली तर कोणीच काही विचारीत नाही. जपून ठेवले होते ते देवाचे द्रव्य खरेच, पण त्याबरोबर आमचे नावही जपले होते. कपाटातील शाल त्याचीच पावती.

यंदाच्या वार्षिक सभेत आम्ही साधे महाजन म्हणून उभे राहिलो आणि सनईच्या शिक्षणाचा विषय मांडला. इतिवृत्तातील आमचीच जुनी ओळ वाचून दाखविली. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. सध्याचे खजिनदार तरुण आहेत, हिशोबात चोख आहेत, आमच्याच हाताखाली तयार झालेले आहेत. ते अदबीने म्हणाले, “काका, मागीर पळोवया.”

आम्हांस राग आला नाही. आमचाच आवाज आम्हांस ऐकू आला. पण या वेळी आम्ही खाली बसलो नाही. तासभर बोलणे झाले. अखेर एका मुलासाठी, एका वर्षापुरता, खर्च मंजूर झाला. फोंडा तालुक्यातील दुसऱ्या एका देवळाचे सनईवादक दर रविवारी शिकवावयास येतात. मुलगा चौदा वर्षांचा आहे. ज्याने गाडी चालविण्याचे काम धरले होते, त्याचाच हा धाकटा भाऊ.

तळीकाठची धून नव्या गुरुजींस येत नाही. आम्ही मुंबईच्या, पुण्याच्या, बेळगावच्या महाजनांस कळविले की, जुन्या जत्रेचे कोणाच्या मोबाईलमध्ये काही राहिले असल्यास पाठवावे. एकाकडून दोन मिनिटांचे चित्रण आले. त्यात शंखाचा आवाज आहे, लहान मुलाचे रडणे आहे, ‘पालखी आयली’ म्हणून कोणी ओरडत आहे, आणि त्या साऱ्याच्या मागे सनई आहे. धून अर्ध्यावर आली असता चित्रण संपते.

भाच्याने नवा संघ घेतला आहे आणि तो पगार पाहून बोली लावतो. आमचा संघ अद्यापि खालच्याच वर्गात आहे. त्यात सतरा-अठरा वर्षांची तीन मुले शिकत आहेत, आम्ही मधूनमधून हरतो, आणि शिल्लक फणसाच्या एका झाडापुरती राखली आहे.

रविवारी दुपारी आम्ही अग्रशाळेच्या पायरीवर जाऊन बसतो. आत मुलगा ते चित्रण पुनःपुन्हा लावतो आणि सनई ओठांस लावतो. अर्ध्यावर येतो, थांबतो, आणि पहिल्यापासून सुरू करतो.